काळ्या मातीचे रस्ते आणि गाडीचे मडफ्लॅप : घरच्या घरी नीट कसे बसवायचे

मुख्य रस्ता सिमेंटचा आणि घरापर्यंतचा शेवटचा तुकडा मुरमाचा किंवा नुसत्या काळ्या मातीचा, अशी नागपुरात बेसा, पिपळा, नरसाळा, हुडकेश्वर या बाजूच्या कितीतरी नव्या लेआउटांची स्थिती आहे. उन्हाळ्यात धूळ आणि मृगाचा पाऊस पडला की चिखल. जुन्या वस्त्यांतही सिमेंटचा रस्ता उंच आणि त्याची कडा खाली, अशा जागा पुष्कळ. समोरच्याला वाट द्यायला डावं चाक खाली उतरवलं की तेवढ्यात दारांच्या खालच्या भागावर आणि मागच्या बंपरवर चिखलाचा थर बसतो. उमरेड रोडला कोळशाचे ट्रक, कोराडी-खापरखेड्याकडे राखेचे, काटोल-कळमेश्वरकडे शेतातून डांबरावर येणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांतून गळालेली ढेकळं. अशा रस्त्यांवर रोज फिरणाऱ्या गाडीला मडफ्लॅप, म्हणजे चाकांच्या मागे लावायच्या चिखल अडवणाऱ्या पट्ट्या, हवेतच, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरी अनेक गाड्या, विशेषतः खालच्या व्हेरिएंटमधल्या, शोरूममधून मडफ्लॅपशिवाय निघतात. मग आपण अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात जातो, तिथला मुलगा चार फ्लॅप घेतो, गाडी न धुता, चाकाच्या कमानीवर सुकलेली माती तशीच ठेवून, मशीनने स्क्रू मारतो आणि दहा मिनिटांत गाडी परत देतो. फ्लॅप बसलेला दिसतो, पण त्याच्यामागे रंगाला चिकटून मातीचा एक थर कायमचा कोंडला गेलेला असतो. दोन पावसाळ्यांनी फ्लॅप काढून पाहा, त्याच्या कडेच्या आकारात रंग घासून गेलेला दिसेल आणि पत्रा असेल तर गंजही. फ्लॅप लावणं अवघड नाही. फ्लॅप आणि रंग यांच्यामधल्या त्या अर्ध्या मिलिमीटरच्या जागेची काळजी घेणं हे खरं काम आहे आणि ते घरी, सावकाश, स्वतः केलं तरच नीट होतं.

फ्लॅप नेमकं काय अडवतो

गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली असेल तर टायरचा पृष्ठभागही बॉडीच्या तुलनेत ताशी ६० किलोमीटर वेगानेच फिरत असतो. टायरच्या खाचांत अडकलेला गिट्टीचा बारीक तुकडा सुटतो तेव्हा तो त्या वेगाने, टायरच्या गोलाईला स्पर्श करणाऱ्या सरळ रेषेत, मागे आणि वर उडतो. पुढच्या चाकांमागून सुटलेला तुकडा दाराखालच्या पट्ट्यावर आणि दाराच्या खालच्या कडेवर आदळतो. मागच्या चाकांचा माल बंपरच्या कोपऱ्यांवर आणि गाडीच्या मागे जातो.

म्हणजे पुढचे दोन फ्लॅप आपल्या गाडीसाठी आहेत आणि मागचे दोन बऱ्याच अंशी मागून येणाऱ्यासाठी. वर्धा रोडला किंवा हिंगणा रोडला भर पावसात तुमच्या मागे जो दुचाकीवर असतो, त्याच्या हेल्मेटच्या काचेवर तुमच्या मागच्या चाकांचं पाणी जातं. दुकानात "पुढचे दोनच घ्या, तेवढ्यात भागतं" असं सांगणारे भेटतात. चारही घ्या.

काळ्या मातीचा स्वभावही इथे समजून घ्यायला हवा. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना आकसते, म्हणूनच उन्हाळ्यात शेतात भेगा पडतात. गाडीवर बसल्यावर ती मुरमासारखी झटकन गळून पडत नाही. ओली असताना चिकटते, सुकली की कडक होते, आणि कुठे खाचेत बसली तर दिवसेंदिवस ओल धरून ठेवते. समुद्रकाठच्या गावांत गाडीला खाऱ्या हवेचा त्रास. आपल्याकडे खारी हवा नाही, पण खाचेत बसलेली ही ओली माती आहे.

कोणते घ्यायचे

दोन प्रकार आहेत. एक, तुमच्या मॉडेलसाठी साच्यातून काढलेले, ज्यांना दुकानात मोल्डेड म्हणतात. दुसरे, रबराच्या किंवा प्लास्टिकच्या सपाट पट्ट्या, ज्या कुठल्याही गाडीला कापून बसवता येतात.

शक्य असेल तिथे मोल्डेडच घ्या, आणि तेही गाडीच्या कंपनीच्या अ‍ॅक्सेसरीजमधले किंवा त्याच नमुन्याचे चांगले. छोट्या गाड्यांचे असे सेट काही शे रुपयांत मिळतात. त्यांचा मोठा फायदा म्हणजे बहुतेक मॉडेलमध्ये नवीन भोक पाडावं लागत नाही. चाकाच्या कमानीतलं काळं प्लास्टिक, म्हणजे लायनर, ज्या स्क्रूंनी आणि क्लिपांनी बसवलेलं असतं, त्याच जागा फ्लॅपसाठी वापरता येतात.

विकत घेताना मॉडेलबरोबर गाडीचं वर्षही सांगा. फेसलिफ्ट झाला, म्हणजे त्याच मॉडेलचं रूप कंपनीने बदललं, की बंपरचा आकार बदलतो आणि जुन्या वर्षाचा मागचा फ्लॅप दोन-तीन मिलिमीटरने बसत नाही. पाकिटात पुढचे आणि मागचे वेगवेगळे असतात, शिवाय डावा-उजवाही वेगळा. दुकानातच चारही काढून एकदा गाडीला धरून पाहा. स्क्रू, क्लिपा आणि पातळ पत्र्याचे, कडेवर सरकवून बसवायचे यू-नट पाकिटात आहेत का हेही तिथेच बघा. क्लिपा चार-सहा जास्तीच्या घ्याच. नागपूरच्या उन्हात काही वर्षं भाजलेली जुनी क्लिप काढताना तुटणार, हे गृहीत धरून चाला.

फ्लॅप हाताने वाकवून पाहा. जो वाकून परत जागेवर येतो तो चांगला. कडक, चकचकीत आणि वाकवल्यावर पांढरी रेघ पडणारा घेऊ नका. तो पहिल्याच उंच गतिरोधकावर तडकतो, आणि तडकला नाही तर ज्या लायनरला धरलेला आहे तो ओढून फाडतो.

दिवस, वेळ आणि सामान

काम मृगाच्या आधी उरकावं, पण नवतप्याच्या दुपारी करू नये. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना बंद उभ्या गाडीचं काळं प्लास्टिक हात लावू देत नाही, रंग वाचवायला फ्लॅपखाली जी पारदर्शक फिल्म लावायची ती चिकटवताना पाणी लगेच सुकतं आणि स्क्रू किती आवळला याचा अंदाजही चुकतो. गरम, मऊ प्लास्टिकवर आवळलेला स्क्रू थंडीत वेगळाच वागतो. तीस सेंटिमीटर लांबीचा प्लास्टिकचा तुकडा डिसेंबरच्या पहाटेपासून मे महिन्याच्या दुपारपर्यंत साधारण दीड मिलिमीटर लांबतो-आखडतो. म्हणून सकाळी सहा-सातला, सावलीत, गाडी रात्रभर उभी राहून थंड झालेली असताना सुरुवात करा.

जागा सपाट आणि टणक हवी. सोसायटीचं सिमेंटचं पार्किंग उत्तम. मुरमाच्या अंगणात पुढचे फ्लॅप बसवता येतील, पण मागच्यासाठी जॅक लावायची वेळ आली तर खाली जाड लाकडी फळी हवी.

लागणारं सामान फार नाही. फुलीचा स्क्रू ड्रायव्हर एक लांब आणि एक अगदी आखूड, मुठीत मावेल असा. काही गाड्यांच्या लायनरला ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचे टॉर्क्स स्क्रू असतात, बहुधा टी-२० किंवा टी-२५, त्याची बिट. १० मिलिमीटरचा पाना किंवा सॉकेट. क्लिपा काढायला प्लास्टिकचं चपटं हत्यार. ते नसेल तर चपट्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला टेप गुंडाळा, रंगावर ओरखडा पडणार नाही. मास्किंग टेप, टॉर्च, जुना टूथब्रश, मायक्रोफायबरचं फडकं, शाम्पूचं पाणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पेंट प्रोटेक्शन फिल्मचा, म्हणजे पीपीएफ म्हणतात त्या रंगावर लावायच्या पारदर्शक फिल्मचा, तुकडा. कार डिटेलिंगच्या दुकानात गाड्यांना पीपीएफ लावून उरलेले तुकडे पडलेले असतात. मागितले तर थोडक्यात मिळतात.

धुणं हे अर्धं काम

चारही चाकांच्या कमानी पाण्याने आणि ब्रशने धुवा. कमानीची बाहेरची कड आत वळलेली असते. त्या वळणात बोट फिरवा, तिथे सुकलेल्या मातीचा कडक पट्टा लागेल. तो टूथब्रशने आणि पाण्याने भिजवून काढा, खरवडू नका. लायनरच्या स्क्रूंच्या डोक्यांत बसलेली मातीही काढा. स्क्रू ड्रायव्हर मातीवर टेकून फिरवला की स्क्रूच्या डोक्याची खाच झिजते आणि मग तो स्क्रू निघत नाही.

पूर्ण सुकू द्या. फ्लॅप बसणार तिथला रंग अल्कोहोलने पुसून घ्या, पॉलिशचा किंवा मेणाचा अंश राहिला तर फिल्म चिकटत नाही. याच वेळी टॉर्च लावून रंग तपासा. आधीचा ओरखडा असेल आणि त्यात लालसर ठिपका दिसत असेल तर तो आज झाकू नका. आधी गंज घासा, प्रायमर आणि टचअप लावा, सुकू द्या, मग पुढचं काम. झाकलेला गंज फ्लॅपच्या आड बिनधास्त वाढतो.

पुढचा डावा फ्लॅप

पुढच्या डाव्यापासून सुरुवात करा, कारण इथे चाक काढावं लागत नाही. इंजिन सुरू करून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवा, मग इंजिन बंद करा, गाडी गिअरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा आणि चावी खिशात ठेवा. स्टिअरिंग डावीकडे वळलं की डाव्या चाकाची मागची बाजू आत सरकते आणि तुमचा हात स्क्रूंपर्यंत पोहोचतो. उजव्या फ्लॅपसाठी स्टिअरिंग उजवीकडे.

आता काहीही न काढता फ्लॅप जागेवर नुसता धरून पाहा. त्याची वरची कड कमानीच्या गोलाईला नीट लागते का, भोकं लायनरच्या स्क्रूंवर येतात का हे बघा. फ्लॅपच्या बाहेरच्या कडेभोवती रंगावर मास्किंग टेप लावून त्याची जागा आखून घ्या. ही रेघ फिल्म कापायला लागणार आहे.

मग लायनरचे ठरलेले स्क्रू काढा, सहसा दोन किंवा तीन. स्क्रूऐवजी प्लास्टिकची क्लिप असेल तर जोर लावण्याआधी तिचा प्रकार ओळखा. काहींच्या मधला खिळा थोडा वर उचलायचा असतो, मग पूर्ण क्लिप बाहेर येते. काहींच्या डोक्यावर फुली असते, ती फिरवत फिरवत मधला भाग वर येतो. आणि काहींचा मधला खिळा चक्क आत दाबायचा असतो. चुकीच्या दिशेला ओढलं की क्लिप तुटते, त्याने लायनरचं भोक मोठं झालं तर नवीन क्लिपही सैल बसते.

काढलेले स्क्रू झाकणात ठेवा. मूळ स्क्रू फ्लॅपची जाडी धरून पुरेसा लांब राहतो का बघा. पाकिटातला स्क्रू थोडा लांब असतो तो याचसाठी. मात्र तुमच्याकडचा कुठलातरी फार लांब स्क्रू मारू नका, लायनरच्या पलीकडे काय आहे ते इथून दिसत नाही.

फिल्म

इथे घाई करू नका. आखलेल्या टेपच्या रेघेपेक्षा फ्लॅपच्या कडेबाहेर साधारण एक सेंटिमीटर जाईल एवढी फिल्म कापा. कोपरे गोल करा, टोकदार कोपरा आधी उचकटतो. रंगावर शाम्पूचं पाणी फवारा, फिल्म ठेवा, सरकवून जागेवर आणा आणि मधून कडांकडे पाणी बाहेर काढा. जुनं एटीएम कार्ड फडक्यात गुंडाळून वापरलं तरी चालतं. कमानीच्या कडेवरून फिल्म आतल्या बाजूला वळवून दाबा. घासण्याचं काम सगळ्यात जास्त त्याच वळणावर होतं.

फिल्म नसेल तर जाड पारदर्शक व्हिनायल लावा. साधा सेलोटेप नको. उन्हात त्याचा डिंक वितळून रंगावर बसतो आणि मातीच धरून ठेवतो.

काही जण फ्लॅपच्या कडेने सिलिकॉन भरून "पाणीच जाऊ नये" असं करतात. ते करू नका. पाणी कुठूनतरी जातंच, आणि सिलिकॉनमुळे त्याला बाहेर पडायची वाट राहत नाही. फ्लॅपची खालची कड उघडी असली पाहिजे, म्हणजे आत गेलेलं पाणी आणि माती खाली गळून जाईल. मी फ्लॅपमागे फोमची पट्टी लावण्याच्याही विरोधात आहे. पहिल्या पावसात ती पाणी पिते आणि रंगाला दिवसभर ओलं ठेवते.

फिल्म बसली की तासभर सुकू द्या. तेवढ्यात दुसऱ्या बाजूची फिल्म लावून होते.

स्क्रू किती आवळायचे

सगळे स्क्रू आधी हाताने दोन-तीन आटे फिरवून धरून ठेवा, एकही पूर्ण आवळू नका. फ्लॅप हलवून कमानीशी सरळ करा, दोन पावलं मागे जाऊन बघा, मग वरपासून खालपर्यंत आवळा. काही गाड्यांत एक यू-नट लायनरच्या किंवा पत्र्याच्या कडेवर सरकवावा लागतो. पत्र्याच्या कडेवर सरकवताना तिथे आधी टेपचा तुकडा लावा, नाहीतर तो नट रंग खरवडत जातो आणि तिथूनच गंज सुरू होतो.

ड्रिल मशीनला बिट लावून स्क्रू मारू नका. प्लास्टिकमधले आटे एका सेकंदात घसरतात. हाताने आवळा. स्क्रूचं डोकं फ्लॅपला टेकलं की त्यानंतर पाव फेरी पुरे. खाली रुंद वायसर असेल तर दाब पसरतो आणि उन्हाळ्यात फ्लॅप थोडा फुगला तर त्याला सरकायला जागा राहते.

बसवून झाल्यावर इंजिन सुरू करून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवा. घरातलं कुणी बाहेर उभं राहून बघेल तर बरं. डाव्या बाजूला स्टिअरिंग उजवीकडे वळल्यावर टायर फ्लॅपच्या सर्वात जवळ येतो. दोन्ही टोकांना टायर आणि फ्लॅपमध्ये किमान दोन बोटं जातील एवढी जागा हवी. कमी असेल तर फ्लॅप चुकीच्या भोकावर बसलाय किंवा गाडीला मूळपेक्षा रुंद टायर आहेत.

मागचे फ्लॅप, आणि जॅक

मागचं चाक वळत नाही, म्हणून जागा अरुंद. आखूड स्क्रू ड्रायव्हरने किंवा छोट्या रॅचेटने बऱ्याच गाड्यांत चाक न काढता काम होतं. आधी तसाच प्रयत्न करा. खाली चटई टाकून आडवं होऊन टॉर्च लावली की स्क्रू दिसतात. मात्र गाडी उचललेली नसतानाच, आणि हँडब्रेक ओढलेला असतानाच.

चाक काढावंच लागलं तर क्रम पाळा. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून विटा लावा. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो. मागचं एक चाक हवेत गेलं की तो फक्त दुसऱ्या मागच्या चाकावर उरतो, म्हणून विटा लागतातच. मॅन्युअल गाडी पहिल्या गिअरमध्ये, ऑटोमॅटिक पी मध्ये. चाक जमिनीवर असतानाच व्हील नट थोडे ढिले करा. जॅक दाराखालच्या पट्ट्यावर कंपनीने दिलेल्या खाचेतच लावा, ती जागा गाडीच्या पुस्तिकेत चित्रासह असते. गाडी उचलल्यावर स्टेपनी आडवी करून पट्ट्याखाली सरकवून ठेवा, जॅक घसरला तर गाडी तिच्यावर येईल. गाडीबरोबर येणारा जॅक टायर बदलण्यापुरताच आहे. उचललेल्या गाडीखाली डोकं किंवा खांदा न्यायचा नाही, हात चाकाच्या पोकळीत जाईल तेवढाच. पोरांना या वेळी अंगणात येऊ देऊ नका.

मागच्या बाजूला काही स्वस्त गाड्यांत पूर्ण लायनर नसतो, आत सरळ पत्रा दिसतो. तिथे फ्लॅप बंपरच्या कोपऱ्यातल्या स्क्रूवर आणि एखाद्या क्लिपवर बसतो. बंपरचं ते टोक नाजूक असतं, एका हाताने आतून आधार देऊन दुसऱ्या हाताने स्क्रू फिरवा.

चाक परत बसवताना नट हाताने लावा, गाडी खाली घ्या, मग समोरासमोरचे नट आलटून पालटून आवळा. किती आवळायचे त्याचा आकडा पुस्तिकेत असतो. टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या आकड्याइतकंच आवळणारा पाना, नसेल तर जवळच्या टायरवाल्याकडून त्याच दिवशी तपासून घ्या.

सपाट पट्टी लावायची असेल तर

जुन्या गाडीला मोल्डेड मिळत नसेल तर सपाट पट्टीशिवाय इलाज नाही. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापा. कमानीत धरून, टायरच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना थोडा जास्त असा आकार काढा आणि मग तो पट्टीवर उतरवा. लांबी ठरवताना घरातली माणसं गाडीत बसवा. रिकाम्या गाडीत फ्लॅपचं खालचं टोक जमिनीपासून पंधरा-सोळा सेंटिमीटर असेल तर पाच माणसं आणि सामान चढल्यावर ते बरंच खाली येतं. भरलेल्या गाडीत किमान बारा सेंटिमीटर राहू द्या. आपल्याकडचे कॉलनीतले गतिरोधक मापात नसतात. लांब फ्लॅप त्यांना घासत जातो आणि रिव्हर्स घेताना फुटपाथच्या कडेत किंवा गट्टूच्या (सिमेंटच्या फरशी-ठोकळ्यांच्या) काठात अडकून चाकाखाली येतो, मग तो बंपरसकट खेचला जातो.

शक्यतो पट्टी लायनरच्या मूळ स्क्रूंवरच बसेल अशी भोकं पाडा. भोक पट्टीत, गाडीत नाही. लायनरच्या प्लास्टिकमध्ये एखादं नवीन भोक लागलंच, तर ड्रिल करण्याआधी लायनर थोडा ओढून टॉर्चने पलीकडे बघा. चाकाजवळ ब्रेकची नळी आणि एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरची वायर असते, आणि पेट्रोलची टाकी भरायची नळी मागच्या एका कमानीच्या आडूनच जाते. झाकण ज्या बाजूला, त्या बाजूला विशेष काळजी. इलेक्ट्रिक गाडीत केशरी रंगाच्या जाड वायरी उच्च दाबाच्या असतात. त्यांच्या आसपास ड्रिल, स्क्रू किंवा क्लॅम्प यांपैकी काहीच न्यायचं नाही.

कमानीच्या पत्र्यात भोक मात्र पाडू नका. दुकानात ते अगदी सहज पाडतात. ड्रिलने रंग, प्रायमर आणि जस्ताचा थर एकदम निघतो आणि उघड्या कडेला चिखल चिकटून राहतो. कुणी आधीच पाडून ठेवलं असेल तर कानसने कड गुळगुळीत करा, जस्तयुक्त प्रायमरचे दोन हात द्या, वर रंग द्या, रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) बसवा आणि स्टीलचा न गंजणारा स्क्रू वापरा. कमानीच्या कडेवर पत्र्याचा क्लॅम्प आवळून बसणारे फ्लॅपही मिळतात. भोक लागत नाही म्हणून ते बरे वाटतात, पण क्लॅम्पचे दात रंगातून पत्र्यापर्यंत जातात. घेतलेच असतील तर दातांखाली रबराची पट्टी द्या.

पहिला पाऊस, आणि नंतर

बसवल्यावर त्याच संध्याकाळी एक फेरी मारा. एखाद्या ओळखीच्या गतिरोधकावरून सावकाश, मग भरल्या गाडीने तीच फेरी. फ्लॅप टायरला लागत असेल तर वळणावर किंवा खड्ड्यात घासल्याचा आवाज येतो आणि टायरच्या आतल्या कडेला काळी चमक दिसते. असं झालं तर फ्लॅप काढून जागा बदला. तसाच राहिला तर टायर आणि फ्लॅप दोन्ही झिजतात.

आठवडाभराने सगळे स्क्रू हाताने एकदा तपासा. नवीन प्लास्टिक दबून बसतं आणि एखादा स्क्रू सैल झालेला असतोच. तो जागेवर आणा, त्याहून जास्त आवळू नका.

पावसाळ्यात गाडी धुताना पाण्याची धार फ्लॅपच्या मागून, आतून बाहेर अशी द्या. समोरून जोरात मारलेली धार माती फ्लॅप आणि फिल्मच्या मध्ये आणखी खोल ढकलते. बाहेर वॉशिंगला देत असाल तर हे तिथल्या माणसाला सांगा, "भाऊ, फ्लॅपच्या मागून पाणी मार," एवढं पुरतं. सांगितलं नाही तर फ्लॅपमागची माती कुणी काढत नाही.

पाऊस थांबल्यावर, खंडेनवमीला गाडी पूजेसाठी धुतो त्याच दिवशी, पुढचा डावा फ्लॅप काढून पाहा. रस्त्याच्या कडेला उतरतो तो बहुतेक वेळा डावाच, म्हणून सगळ्यात जास्त माती त्याच्याच मागे सापडते. फिल्म उचकटलेली किंवा तिच्याखाली मळ गेलेला दिसला तर ती बदला आणि मग बाकीचे तीनही उघडा. फिल्म स्वच्छ असेल तर बाकीचे तसेच राहू द्या, दरवेळी काढ-घाल केल्याने प्लास्टिकमधले आटे जातात.

टायर बदलताना मूळ मापापेक्षा रुंद घेतले तर स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून दोन बोटांचं अंतर पुन्हा तपासा. अपघातात पुढचा बंपर किंवा फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) बदलला असेल तर नवीन पत्र्यावर फिल्म नसते. वर्कशॉपवाले जुना फ्लॅप तसाच चढवून देतात, म्हणून गाडी ताब्यात घेण्याआधी फ्लॅपची कड थोडी उचलून आत बघा.